तडे गेलेल्या चौसष्ट भिंती : गवंडीकाम कंत्राटदाराला संघटनेची मदत कुठे झाली, कुठे तोकडी पडली

(ओळख पटेल असे सगळे तपशील या प्रकरणातून काढले आहेत. मापे आणि घटनाक्रम ठेवला आहे, कारण वादाचा निकाल त्यांवरच लागला.)

पार्श्वभूमी

तळमजला अधिक सात मजल्यांची आरसीसी सांगाड्याची निवासी इमारत. बाहेरच्या भिंती २०० मिमी, आतल्या १०० मिमी जाडीच्या, सगळ्या एएसी ब्लॉकच्या (वाफेच्या दाबाखाली पक्के केलेले, आत हवेचे बुडबुडे असलेले हलके काँक्रीट ब्लॉक). या भिंतींवर इमारतीचा भार नव्हता. कॉलम आणि बीम यांच्यामधली चौकट बंद करणे एवढेच त्यांचे काम.

गवंडीकामाचे उपकंत्राट फक्त मजुरीचे होते. ब्लॉक, जॉइंटिंग मॉर्टर (ब्लॉक चिकटवायचा पातळ थराचा तयार माल) आणि जाळी मुख्य कंत्राटदार पुरवणार, माणसे आणि हत्यारे उपकंत्राटदाराची. प्लास्टर दुसऱ्याकडे, वायरिंग तिसऱ्याकडे. कागदावर सोयीची वाटणारी ही वाटणी भिंतीला तडा गेला की नेमकी उलटते. चार जणांचे हात लागलेली भिंत शेवटी ‘गवंड्याची भिंत’ म्हणूनच ओळखली जाते.

उपकंत्राटदाराकडे (पुढे नुसता ‘कंत्राटदार’ म्हटले आहे तो हाच) २२ माणसे, तीन टोळ्या. विटांच्या कामात हात बसलेला, एएसीचे हे दुसरेच काम. तो व्यावसायिक संघटनेचा सहा वर्षे सभासद होता, पण सभासदत्वाचा उपयोग निविदेला प्रमाणपत्र जोडण्यापुरताच झालेला. संघटना लहान: कार्यालयात दोन पूर्णवेळ माणसे, एक अर्धवेळ अभियंता आणि वेळ काढून काम करणाऱ्या सभासदांची तांत्रिक समिती. फोनवर सल्ला, सही करण्याआधी करार वाचून देणे, वर्षातून एकदा साइटवर विनामूल्य भेट, पत्रांचे नमुने आणि गवंड्यांचे प्रशिक्षण या तिच्या सेवा. करार वाचून देण्याची सोय आहे हे या सभासदाला माहीत नव्हते.

अडचण

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे प्लास्टर झाल्यावर अकराव्या आठवड्यात तडे दिसू लागले. आधी बीमखाली आडव्या रेघा, मग लांब भिंतींच्या मध्यावर उभ्या आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या भेगा. मुख्य कंत्राटदाराने चालू बिल अडवले आणि पत्र दिले: निकृष्ट कारागिरीमुळे दोन्ही मजल्यांच्या सर्व भिंती १४ दिवसांत स्वखर्चाने पाडून पुन्हा बांधाव्यात, अन्यथा दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च रोखलेल्या रकमेतून वळता केला जाईल.

दोन मजल्यांवर मिळून १४८ भिंती होत्या.

पत्र मिळाले त्या दिवसापर्यंत कंत्राटदाराने सात-आठ भिंतींच्या भेगा पुट्टी भरून मिटवल्याही होत्या. पुढे सर्वात महाग पडली ती हीच गोष्ट. बुजवलेल्या भेगेची मूळ रुंदी कळत नाही, ती ब्लॉकमधून गेली होती की फक्त प्लास्टरमधून तेही कळत नाही, आणि समोरच्याला ‘चूक मान्य होती म्हणूनच दुरुस्त करत होता’ असे म्हणायला जागा मिळते.

पहिला फोन आणि पहिले चार दिवस

कंत्राटदाराचा संघटनेला फोन आला तो पत्रानंतर चौथ्या दिवशी. संघटनेच्या अभियंत्याने फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. एक, आजपासून एकही भेग बुजवायची नाही. दोन, काम सोडून जायचे नाही. तीन, उद्या पत्राला उत्तर जाईल, त्यात काही कबूल करायचे नाही आणि काही नाकारायचेही नाही.

दुसऱ्या गोष्टीवर वाद झाला. बिल अडल्यावर टोळ्या उचलून नेणे हा गवंडीकामातला जुना आणि पुष्कळदा चालून गेलेला उपाय आहे. पण करारात हप्ता थकल्यास काम थांबवण्याचा हक्क लिहिलेला नसेल, तर काम थांबवणे हाच करारभंग ठरू शकतो आणि मूळ वाद त्याखाली गाडला जातो. करार काढून पाहिला. असा हक्क त्यात नव्हता. सहाव्या मजल्याचे काम चालू ठेवायचे ठरले.

पाचव्या दिवशी गेलेले पत्र दहा ओळींचे होते. तुमचे पत्र मिळाले. कारण निश्चित झाल्याखेरीज जबाबदारीबद्दल आम्ही काही म्हणत नाही, आमचे सर्व हक्क राखून ठेवतो. सात दिवसांत संयुक्त पाहणी करावी. पाहणीला तुमचा साइट इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, प्लास्टर आणि वायरिंगचे उपकंत्राटदार हजर असावेत. तोवर या दोन मजल्यांवर काही पाडू, कोरू किंवा बुजवू नये. संघटनेच्या नमुन्यात यापेक्षा लांब मजकूर होता, त्यात कायद्याच्या कलमांचे दोन परिच्छेद होते. अभियंत्याने ते काढून टाकले. वकिली पत्राला वकिलाकडूनच उत्तर येते आणि त्यात १४ दिवस सहज निघून गेले असते.

संघटनेच्या घरातली अडचण

साइटवर कोण जाणार? रिवाजाप्रमाणे तांत्रिक समितीचे अध्यक्ष. पण या साइटला ब्लॉक पुरवणाऱ्या कारखान्याचेच ते वितरक होते आणि कारखाना संघटनेचा सहयोगी सभासद होता. ब्लॉक ओले होते का, हा प्रश्न तर उभा राहणारच होता.

सचिवांनी अध्यक्षांना बाजूला राहायला सांगितले आणि ते राहिलेही. मात्र त्याआधीच त्यांनी कारखान्याला सहज म्हणून फोन केला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस साइटवर हजर झाला आणि शिल्लक ब्लॉकच्या थप्पीवर ताडपत्री चढली. त्यात लबाडी होती असे नाही, पण पुरावा ज्या अवस्थेत सापडायला हवा होता त्या अवस्थेत तो सापडला नाही. अशा प्रसंगी कोण काय विकतो याची नोंद संघटनेकडे आधीपासून हवी. ऐनवेळी विचारून एक दिवस जातो आणि तोवर बातमी फुटलेली असते.

अखेर अर्धवेळ अभियंता आणि या साइटशी संबंध नसलेला एक ज्येष्ठ गवंडीकाम कंत्राटदार असे दोघे गेले. जाण्याआधी त्यांनी सभासदाला लेखी कळवले की त्यांचा अहवाल मदतीसाठी आहे, तटस्थ तज्ज्ञाची साक्ष म्हणून तो चालणार नाही. संघटना सभासदाची बाजू घेते, त्यामुळे तीच पंच होऊ शकत नाही. ही रेघ आधी आखून घेतल्याने पुढे मुख्य कंत्राटदाराचा विश्वास बसायला मदत झाली.

समोर असलेले पर्याय

नवव्या दिवसाच्या भेटीनंतर चार वाटा दिसत होत्या.

मुकाट्याने डागडुजी करून बिल सोडवून घेणे ही पहिली. खर्च कमी, पण भेगा अजून हलत असतील तर महिन्याभरात पुन्हा उघडणार आणि त्यावेळी हातात काहीच उरणार नाही.

दोन्ही मजले पाडून बांधणे. मजुरी तर जाणारच. त्याहून मोठा धोका असा की ब्लॉक तेच, घाई तीच, पद्धत तीच राहिली तर नव्या भिंतीही तडकणार. मुख्य कंत्राटदाराच्या पत्रातही ‘निकृष्ट कारागिरी’ एवढेच होते, तडे नेमके कशाने गेले याचा उल्लेख नव्हता, हे येथे महत्त्वाचे.

आरोप पूर्ण नाकारून लवादाकडे जाणे. कंत्राटदाराचा कल इकडे होता. अभियंत्याने नवव्या दिवशीच एका भिंतीचे प्लास्टर काढून त्याला त्याच्याच कामातले, शेजारशेजारच्या ब्लॉकमधले मालाविना राहिलेले उभे सांधे दाखवले, तेव्हा हा कल मावळला.

चौथी वाट भिंतनिहाय पाहणीची: प्रत्येक भिंतीचे कारण वेगळे ठरवायचे, मग जबाबदारी वाटायची. वेळ लागणार होता, बिल अडकलेले राहणार होते. हीच निवडली, एका बदलासह: ज्या मजल्यांबद्दल तक्रारच नाही त्यांचे पैसे आधी सोडावेत अशी मागणी वेगळ्या पत्राने केली. दोन्ही मागण्या एकाच पत्रात घातल्या असत्या तर एक अडकली की दुसरीही अडकली असती.

पाहणी कशी केली

बाराव्या दिवशी सगळे जमले. प्रत्येक भिंतीला क्रमांक, प्रत्येक भेगेचे कच्चे रेखाटन, दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण आणि तारीख. रुंदी भेगमापक पट्टीने. ५० भेगांवर जिप्समच्या पातळ टिकल्या बसवल्या. टिकली तडकली तर भेग जिवंत, शाबूत राहिली तर थांबलेली. नऊ ठिकाणी ३०० मिमी चौरस प्लास्टर काढून आतला ब्लॉक उघडा केला. या नऊ जागा मुख्य कंत्राटदाराच्या माणसाने आणि कंत्राटदाराने आळीपाळीने निवडल्या, म्हणजे सोयीच्याच जागा उघडल्या असे पुढे कोणी म्हणू नये.

१४८ पैकी ६४ भिंती तडकलेल्या निघाल्या. चार गटांत त्यांची विभागणी झाली.

अ गट, ३१ भिंती: बीमच्या तळाशी आडवी भेग, रुंदी ०.३ ते १.२ मिमी.

ब गट, १४ भिंती: लांब भिंतीच्या मधल्या भागात उभी किंवा पायऱ्यांची भेग.

क गट, १२ भिंती: स्विचबोर्डपासून निघालेली, वायरिंगच्या खाचेवरून सरळ चालत गेलेली भेग.

ड गट, ७ भिंती: प्लास्टरवर जाळ्यासारख्या बारीक भेगा. खाली ब्लॉक शाबूत, ठोकले की पोकळ आवाज.

कारणांची उकल

एएसी ब्लॉक ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेच्या भट्टीतून) बाहेर येतो तेव्हा त्यात कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी असते. ते उडून जाताना ब्लॉक आकसतो. हे आकसणे दर मीटरला अर्धा मिलिमीटर धरले, तर २.६ मीटर उंचीच्या भिंतीत १.३ मिमी आणि ९.४ मीटर लांबीच्या भिंतीत ४.७ मिमी होते. अ गटातली सर्वात रुंद भेग १.२ मिमी होती. आकडा इतका जवळ आल्यावर ‘कारागिरी’ हा शब्द पाहणीत पुन्हा कोणी उच्चारला नाही, निदान अ गटापुरता.

पाणी मोजायला प्रयोगशाळेआधी वजनकाटा पुरतो. ६०० × २०० × २०० मिमीचा ब्लॉक म्हणजे ०.०२४ घनमीटर. कोरडी घनता दर घनमीटरला ६०० किलो असेल तर कोरडा ब्लॉक १४.४ किलोचा. १० टक्के पाणी असेल तर १५.८ किलो, ३० टक्के असेल तर १८.७. थप्पीच्या आतल्या बाजूचे १२ ब्लॉक तोलले: १७.६ ते १८.७ किलो. म्हणजे पाणी २२ ते ३० टक्के. थप्पी उघड्या जमिनीवर, खाली फळ्या नाहीत आणि ताडपत्री तीन दिवसांपूर्वीची. या पुराव्याची मर्यादाही अहवालात नोंदवली: तोललेले ब्लॉक भिंतीत बसलेले नव्हते, त्याच जागी ठेवलेल्या नंतरच्या खेपेतले होते. कोरडी घनता कारखान्याच्या दाखल्यावर न सोडता दोन ब्लॉक भट्टीत वाळवून पडताळली.

अ गटात ओलाव्याला घाईची जोड होती. बीमखाली १० ते २० मिमी जागा सोडून भिंत बांधायची, वरच्या मजल्यांचे टेके (स्लॅबखालचे तात्पुरते आधार) निघून त्यांच्या भिंती चढेपर्यंत थांबायचे आणि ती फट सर्वात शेवटी, शक्यतो वरच्या मजल्याकडून खाली येत, भरायची ही रीत. येथे प्रत्येक मजल्याची फट त्याच दिवशी कडक मालाने ठासली गेली. का, याचे उत्तर कंत्राटदाराच्या फोनमध्ये होते. ‘आजच वरचा थर बंद करा, उद्या प्लास्टरवाला येतोय’ अशा अर्थाचे सुपरवायझरचे संदेश २२ भिंतींच्या तारखांशी जुळले. उरलेल्या नऊ भिंतींबद्दल सूचना तोंडी होती, किंवा नव्हतीच.

ब गट कंत्राटदाराला झोंबला. भिंती ६.८ ते ९.४ मीटर लांब. नकाशात मध्ये हालचालीचा सांधा (भिंतीच्या आकसण्याला वाव देणारी उभी फट) दाखवलेला नाही आणि उभा स्तंभही नाही, हा आराखड्याचा दोष. पण उघडलेल्या नऊपैकी चार जागी उभे सांधे कोरडे निघाले. जॉइंटिंग मॉर्टरचा सांधा २ ते ३ मिमीचा असतो. दातेरी थापीने आडव्या थरावर माल पसरायचा, ब्लॉकच्या बाजूच्या तोंडालाही लावायचा आणि मग रबरी हातोड्याने ठोकून बसवायचा. विटांच्या कामात बाजूला राहिलेली फट वरच्या थराचा माल पडून थोडीफार भरते. पातळ सांध्यात तसे होत नाही, वरून काही गळतच नाही. कोरड्या सांध्यांची भिंत बाहेरून सरळ दिसते, ओळंब्यात असते, पण आकसताना ताण घ्यायला मध्ये काही नसते.

भर म्हणून गवंड्यांनी ब्लॉक विटांसारखे भिजवून घेतले आणि बांधलेल्या भिंतीवर सात दिवस नळीने पाणी मारले. वीट भिजवावीच लागते, नाहीतर ती मालातले पाणी शोषून घेते. एएसीच्या पृष्ठभागावरची धूळ ओल्या ब्रशने झाडली की पुरे, कारण या मॉर्टरमध्ये पाणी धरून ठेवणारे घटक असतात. पाणी मारा असे सुपरवायझरने सांगितले होते हे खरे. गवंड्यांनाही त्यात काही वावगे वाटले नाही हेही तितकेच खरे.

क गटात वाद उरला नाही. १०० मिमी भिंतीत आडवी खाच ४० मिमी खोल होती. आडवी खाच जाडीच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे सोळा-सतरा मिलिमीटर, आणि उभी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे ३३ मिमी, हा पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा ढोबळ नियम. शिवाय खाच यंत्राने न कापता छिन्नी-हातोड्याने फोडलेली, जाळीशिवाय उरलेल्या प्लास्टरने बुजवलेली. ड गटात प्लास्टरचा माल १:३ (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) इतका सिमेंटचा होता. ब्लॉकपेक्षा कडक प्लास्टर आकसताना ब्लॉकची कातडी सोलत सुटून येते. १:६ च्या आसपासचा मऊ माल तेथे हवा होता.

केलेली कृती

जबाबदारीचा तक्ता भिंतनिहाय बनला. अ गटातल्या संदेश सापडलेल्या २२ भिंतींचा खर्च मुख्य कंत्राटदाराने घेतला, बाकी नऊ निम्म्यानिम्म्या. ब गटातल्या सहा भिंतींत कोरडे सांधे जास्त होते. त्या कंत्राटदाराने आपल्या मजुरीवर पाडून बांधल्या, ब्लॉक मुख्य कंत्राटदाराने दिले. उरलेल्या आठांत सांधे ठीक होते, तेथे उभा सांधा कापण्याचा खर्च मुख्य कंत्राटदाराकडे. क गट वायरिंगवाल्याकडे, ड गट प्लास्टरवाल्याकडे.

सहा भिंती कबूल करणे हा सर्वात अवघड निर्णय होता. कंत्राटदाराची भीती अशी की सहा मान्य केल्या की चौसष्ट गळ्यात पडतील. संघटनेच्या ज्येष्ठ सभासदाचे म्हणणे उलट होते: चार उघड्या जागा सगळ्यांनी पाहिल्या आहेत, त्या नाकारल्या तर २२ भिंतींच्या संदेशांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. कबुली तक्त्यासोबतच, म्हणजे बाकीच्यांच्या कबुलीच्या अटीवर, लेखी दिली. आधी एकट्याने दिली असती तर भीती खरी ठरली असती.

दुरुस्ती लगेच सुरू केली नाही. टिकल्या दर आठवड्याला पाहिल्या. पहिल्या आठवड्यात ५० पैकी १९ तडकल्या, त्या बदलून नव्या बसवल्या. पाचव्या आठवड्यात दोनच तडकल्या. सहाव्या आठवड्यानंतर काम घेतले.

बीमखालची फट कडक माल खरवडून १० ते १२ मिमी मोकळी केली, आत फोमची गोल दोरी बसवून तोंड लवचीक सीलंटने बंद केले. यातली एक गोष्ट हमखास विसरली जाते. कडक मालाने भरलेली फट भिंतीचा माथा धरून ठेवते. ती मऊ केली की भिंतीचा माथा सुटा होतो, आणि १०० मिमीची भिंत दाराच्या आपटण्यानेही हलू शकते. म्हणून माथ्याला बीममध्ये पकडणाऱ्या धातूच्या पट्ट्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवलेल्या अंतराने बसवल्या. जिन्याभोवतीच्या भिंतींत साधा फोम चालत नाही, तेथे आग रोखणारा भराव घेतला.

लांब भिंतींत उभा सांधा पूर्ण जाडीतून कापला, दोन्ही कडांना सरकता आधार दिला. जोडांवर क्षाररोधक काचतंतूची ३०० मिमी रुंद जाळी, दोन्ही बाजूंना १५० मिमी. बीमच्या रेषेत प्लास्टरमध्ये सरळ खाचपट्टी ठेवली. भेग जायचीच असेल तर ती खाचेतून जाते आणि दिसत नाही. भेग लपवायला जाड पुट्टी हा इमारतीच्या मालकाचा आग्रह होता, तो स्ट्रक्चरल इंजिनिअरने मोडून काढला.

निष्पत्ती

नोटिशीपासून तडजोडीच्या सहीपर्यंत सात आठवडे गेले. तक्रार नसलेल्या मजल्यांचे बिल तिसऱ्या आठवड्यात सुटले, उरलेले दोन हप्त्यांत: निम्मे दुरुस्ती संपल्यावर, निम्मे ९० दिवसांच्या निरीक्षणानंतर. त्या ९० दिवसांत पाच भेगा केसाएवढ्या उघडल्या, सगळ्या ०.२ मिमीच्या आत. चार अ गटातल्या, एक ब गटातली. रंगकामाच्या वेळी त्या भरून घेतल्या.

पडझड झालीच. कंत्राटदाराने तीन आठवडे मजुरी अंगावर ओढली आणि त्याची एक टोळी सुटली, सात माणसांपैकी चारच परत आली. येथे संघटनेकडे देण्यासारखे काहीच नव्हते. अडचणीतल्या सभासदाला तात्पुरती उचल देणारा निधी तिने कधी उभारला नव्हता. तांत्रिक सल्ल्याच्या दर्जाने ही उणीव भरून निघत नाही. लहान कंत्राटदार वाद हरण्याआधी रोकडीने हरतो.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यात स्वस्त वेळ ब्लॉकची पहिली गाडी रिकामी होत होती तीच. दर खेपेतले सहा ब्लॉक तोलायचे, वजन वहीत लिहायचे, जड निघाले तर त्याच दिवशी चार ओळींचा संदेश: ब्लॉक ओले आहेत, फळ्यांवर ठेवून झाकून वाळवावेत, तसेच वापरायला सांगितल्यास आकसण्याची जोखीम तुमची. ब्लॉक दुसऱ्याचे असले तरी ओले दिसत असताना न बोलता लावणे बऱ्याच करारांत गवंडीकामवाल्याच्या अंगाशी येते.

दुसरी गोष्ट नमुना भिंतीची. कामाआधी १.२ मीटर चौरसाची भिंत बांधून, सांधे उघडे दाखवून, ती सर्वांच्या सहीने मान्य करून घेतली असती तर कोरडे उभे सांधे पहिल्या दिवशी दिसले असते. तीन टोळ्यांपैकी एकाच टोळीची ही सवय होती, असे पुढे भिंतींच्या तारखांवरून निघाले.

तोंडी सूचनेला संध्याकाळी संदेशाने दुजोरा देण्याची सवय असती, तर नऊ भिंतींचा निम्मा खर्च वाचला असता. २२ भिंतींचे संदेश शाबूत राहिले ते निव्वळ योगायोगाने, कंत्राटदाराने फोन बदलला नव्हता म्हणून.

संघटनेच्या बाजूने पाहिले तर याच विषयावरचे आठ पानांचे परिपत्रक तिने आधीच काढले होते. ते अभियंत्यांच्या भाषेत होते, त्यात ‘शुष्कन संकोचन’ (वाळताना आकसणे) होते पण वजनकाटा नव्हता. सभासदाकडे ते पोहोचले होते, उघडले गेले नव्हते. या प्रकरणानंतर ते एका पानाचे झाले: ब्लॉकच्या मापानुसार कोरडे आणि जास्तीत जास्त वजन, भिजवायचे नाही, पाणी मारायचे नाही, उभ्या सांध्याला माल, वरची फट कधी भरायची, खाच किती खोल. साइटवर चिकटवता येईल असा जाड कागद. गवंड्यांसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग सुरू झाला, त्यात बोलणे कमी आणि बांधलेली भिंत स्वतः उघडून पाहणे जास्त. मजुरीच्या करारासाठी तीन वाक्यांची पुरवणी तयार केली: साहित्य तपासण्याचा हक्क, वरची फट भरण्याची वेळ कोण ठरवणार, आणि भिंत ताब्यात दिल्यानंतर ती कोरणाऱ्याची जबाबदारी.

काही सभासदांनी संघटनेच्या बैठकीत एएसीच्या कामाचा किमान दर संघटनेने जाहीर करावा अशी मागणी केली, कारण घाई दराच्या स्पर्धेतून येते. मागणी समजण्यासारखी असली तरी ती फेटाळली गेली. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून दर ठरवणे बहुतेक देशांच्या स्पर्धा कायद्यात बसत नाही आणि त्यात संघटनाच अडकते. त्याऐवजी दर कसा काढावा याचा तक्ता दिला. २०० मिमी भिंतीला दर चौरस मीटरला ३ मिमी सांधा धरून ८.२ ब्लॉक बसतात येथून सुरुवात, त्यात वरच्या फटीसाठी पुन्हा परत येण्याचा वेळ वेगळ्या ओळीत. आकडा ज्याने त्याने आपला भरायचा.

हितसंबंधांची नोंदवही झाली. मात्र साहित्य विकणाऱ्या सहयोगी सभासदांनी तांत्रिक समितीवर असावे की नसावे, यावर मतदान झाले नाही. त्यांच्या वर्गणीवर अर्धवेळ अभियंत्याचे मानधन निघते. विषय पुढच्या वार्षिक सभेवर गेला आहे.